जोडीतला दुसरा

सकाळी ९:३०

रात्री काम असलं की सकाळी उशिरा आलं तरी चालतं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. आज मी ती सवलत घेतली नाही. रुग्णालयाचं नेटवर्क खरं कसं आहे ते सकाळी साडेनऊ ते साडेअकरा याच वेळात कळतं. ओपीडीचे केस पेपर निघत असतात, लॅबमधून रिपोर्ट सुटत असतात आणि रेडिओलॉजीच्या जुन्या इमारतीत सगळे डॉक्टर एकाच वेळी सीटी-एमआरआय उघडून बसलेले असतात. रात्री ज्याला हात लावायचा, ते दिवसा कसं वागतं हे आधी बघून ठेवलेलं बरं.

पुण्यातल्या आमच्या या रुग्णालयाच्या तळघरात सर्व्हर रूम आहे आणि तिथे कोअर स्विच: सिस्कोचा कॅटॅलिस्ट ९४०७आर. सात स्लॉटची चॅसी. तीन आणि चार हे मधले दोन स्लॉट सुपरवायझरचे, बाकीच्या पाचांत पोर्टांची कार्डं. स्विचनं कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याचे नियम सुपरवायझर ठरवतो, शेजारच्या स्विचशी बोलणी तोच करतो, आपण लॉग-इन करतो तेही त्याच्यावरच. एचपीच्या प्रोकर्व्ह ८२१२झेडएलमध्ये त्याला मॅनेजमेंट मॉड्यूल म्हणतात, एक्स्ट्रीमच्या ब्लॅकडायमंडमध्ये एमएसएम. काम तेच. आमच्याकडे असे दोन आहेत. एक ॲक्टिव्ह, दुसरा स्टँडबाय.

याच पेटीत दुसऱ्या प्रकारची जोडीही आहे. प्रत्येक इमारतीकडे जाणाऱ्या दोन फायबर लायनी एकत्र बांधून त्यांचा एक पोर्ट-चॅनल केलेला आहे. इथे कुणी स्टँडबाय नाही, दोन्ही लायनी कामाला जुंपलेल्या. म्हणजे एका जोडीत एक राबतो आणि दुसरा नुसता लक्ष ठेवतो, दुसऱ्या जोडीत दोघंही राबतात. या दोन जोड्या बिघडतातही दोन तऱ्हांनी, आणि आजचा दिवस त्या तपासण्यात जाणार आहे.

सकाळी १०:१५

ग्राफ उघडला. रेडिओलॉजीकडे दोन लायनी जातात, प्रत्येकी १ गिगाबिटची. कोअरकडून इमारतीकडे जाणाऱ्या रहदारीत पहिली लाइन ९०० मेगाबिटच्या वर. तिचा आलेख वरून कापल्यासारखा सपाट झाला आहे, आणि सपाट आलेख म्हणजे पॅकेटं गळताहेत. दुसरी लाइन ५० मेगाबिटलाही पोचलेली नाही. उलट्या दिशेनं, इमारतीकडून कोअरकडे, दोन्ही लायनी अगदी समसमान.

तेवढ्यात रेडिओलॉजीच्या मॅडमचा फोन. "अहो, चक्र फिरतंय नुसतं. स्टडी उघडायला आज किती वेळ?" मी म्हटलं, "मॅडम, आज रात्री त्याचंच काम आहे." फोन ठेवते तोवर आयटी हेड मागे येऊन उभे. स्क्रीन बघून म्हणाले, "लायनी दोन आहेत ना? मग निम्मं-निम्मं का होत नाही?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्तच आहे. एक पॅकेट इकडे, एक तिकडे असं वाटलं असतं तर दोन्ही लायनी सारख्या भरल्या असत्या. पण मग एकाच संभाषणातली पॅकेटं मागे-पुढे पोचली असती, आणि पलीकडच्या संगणकाला त्यातून काहीतरी हरवल्याचा भास होऊन त्यानं ती पुन्हा मागवली असती. म्हणून स्विच पॅकेटं मोजून वाटत नाही. पॅकेटवरचे पत्ते घेऊन एक गणित करतो, ज्याला हॅश म्हणतात, आणि त्याचं उत्तर लाइन ठरवतं. मतदानाला गेल्यावर यादीत आपलं नाव ज्या खोलीत, तिथेच रांग लावावी लागते, शेजारची खोली ओस पडली असली तरी. तसंच हे. गर्दी किती आहे हे हॅश बघत नाही.

सकाळी ११:००

नाव कशावरून बघायचं हे मात्र आपल्या हातात असतं, आणि आमची गोची तिथेच होती. स्विच बसवला तेव्हापासून लोड-बॅलन्सची पद्धत 'सोर्स मॅक' अशी आहे. म्हणजे पॅकेट पाठवणाऱ्याचा मॅक ॲड्रेस घ्या आणि त्यावरून लाइन ठरवा.

माझ्या ज्युनिअरला शेजारी बसवून कागदावर काढून दाखवलं. सीटीच्या इमेज ठेवणारा सर्व्हर तळघरात, एका व्हीलॅनमध्ये. डॉक्टरांचे संगणक जुन्या इमारतीत, दुसऱ्या व्हीलॅनमध्ये. मधला गेटवे कोअर स्विच स्वतः. पॅकेट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाताना कोअर त्यावरचा जुना सोर्स मॅक काढतो आणि त्या व्हीलॅनच्या गेटवेचा मॅक लावतो. मग इमारतीकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा पाठवणारा कोण? तोच एक गेटवे. गणितात घातलेला आकडा नेहमी एकच, म्हणून उत्तरही एकच आणि लाइनही एकच.

"मग उलट्या दिशेला कसं बरोबर चाललंय?" त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. तिकडून येताना पाठवणारा प्रत्येक संगणक वेगळा, म्हणून मॅक वेगळे आणि वाटणीही होते. पोर्ट-चॅनलची दोन टोकं एकमेकांना विचारून लाइन निवडत नाहीत. आपण पाठवतो त्याची वाटणी आपण करायची. त्यामुळे दुरुस्ती फक्त कोअरवर करायची आहे, पलीकडच्या स्विचला हात लावायचा नाही.

उपाय एका ओळीचा आहे. मॅक सोडून दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट क्रमांक गणितात घालायचे: 'पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-मिक्स्ड-आयपी-पोर्ट'. पण ही ओळ एका पोर्ट-चॅनलपुरती नसते, अख्ख्या स्विचला लागू होते. रेडिओलॉजीबरोबर आयसीयूच्या, लॅबच्या, कॅज्युअल्टीच्या लायनींवरचे प्रवाहही त्या क्षणी जागा बदलतील. म्हणून काम रात्री.

यानं काय होणार नाही तेही सांगितलं. सीटीची एक स्लाइस ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा मेगाबाइट. हजार स्लाइसचा स्टडी अर्ध्या गिगाबाइटचा. तो १ गिगाबिटच्या रिकाम्या लाइननं यायला चार सेकंद तरी लागणारच, दोन लायनी बांधून त्याचे दोन सेकंद होणार नाहीत. एक संभाषण एकाच लाइननं जातं. फरक पडेल तो दहा जणांनी एकदम दहा स्टडी उघडले तर.

दुपारी १२:३०

तळघर. बरोबर इलेक्ट्रिशियन काका. रात्री एक सुपरवायझर मुद्दाम पाडायचा आहे, त्याआधी हातानं तपासायच्या गोष्टी आत्ताच बघून घ्यायच्या.

जोडी बघताना माझा एकच प्रश्न असतो: या दोघांत सामाईक काय आहे? जे सामाईक असेल ते गेलं की दोघंही जातात. पहिल्यांदा कार्डं. रेडिओलॉजीची एक लाइन पहिल्या स्लॉटमधल्या कार्डावर आहे, दुसरी पाचव्या. बसवणाऱ्यानं हे नीट केलंय, कारण एक कार्ड जळालं तरी दुसरी लाइन जिवंत राहील. मग फायबर. दोन्ही जोड्या एकाच बारा-कोअरच्या केबलमधून, एकाच चरातून इमारतीकडे जातात. जेसीबीला दोन लायनी वेगळ्या दिसत नाहीत. हे आज सुटणारं नाही, वहीत लिहून ठेवलं.

मग वीज. चॅसीच्या तळाला पॉवर सप्लायचे आठ कप्पे आहेत. आमच्याकडे चार भरलेले आणि मोड 'एन प्लस एन', म्हणजे दोन सप्लाय पूर्ण भार उचलतील आणि दोन राखीव. स्विचच्या दृष्टीनं सगळं हिरवं. काकांनी चारही वायरी हातानं माग काढत नेल्या आणि रॅकच्या मागून म्हणाले, "मॅडम, चारी एकाच पट्टीला लागल्यात हो." दुसऱ्या यूपीएसची पट्टी शेजारीच रिकामी होती. सप्लायला वीज कुठून येते हे स्विचला कधीच कळणार नव्हतं, कारण त्याला फक्त सप्लाय चालू आहे एवढंच दिसतं. एकेक सप्लाय बंद करून, उरलेल्यांवर भार नीट येतोय हे बघत, काकांनी दोन वायरी दुसऱ्या पट्टीवर नेल्या. ज्या तपासणीला लॅपटॉप लागत नाही ती सहसा कुणी करत नाही.

दुपारी २:००

बैठक. आयटी हेड, रेडिओलॉजीच्या मॅडम, प्रशासन आणि हिशेब विभागाचे एक ज्येष्ठ गृहस्थ. त्यांचे प्रश्न मला आवडतात, कारण ते यंत्राला बिचकत नाहीत.

"हा दुसरा सुपरवायझर वर्षभर काय करतो?"

"काही नाही, सर."

"मग त्याची वॉरंटी कशासाठी भरायची?"

मी सांगितलं की तो काम करत नाही, पण सगळं ऐकत असतो. पहिल्याला मिळालेली प्रत्येक आज्ञा, कुठला संगणक कुठल्या पोर्टवर आहे याची यादी, पोर्ट-चॅनलची स्थिती, सगळं त्याच्याकडे त्याच वेळी पोचत असतं. जुन्या कॅटॅलिस्ट ६५००वर सुरुवातीला जी पद्धत होती, आरपीआर, तिच्यात दुसरा सुपरवायझर अर्धवटच जागा असायचा. पहिला गेला की बाकीचं बूट करून सूत्रं हाती घ्यायला त्याला दोन मिनिटं किंवा जास्तच लागायची. आरपीआर प्लसमध्ये ते तीस सेकंदांच्या आसपास आलं. आता आहे ती एसएसओ पद्धत. सिस्कोनं ६५००साठी दिलेला तिचा आकडा शून्य ते तीन सेकंद. हा जो फरक पडला तो दुसऱ्याला आधीपासून सगळं माहीत असल्यामुळे. आपण पैसे देतो ते त्याच्या या माहितीसाठी.

"आणि त्याला खरंच माहीत आहे, हे तुम्हाला कसं कळतं?"

"पहिला पाडून बघितल्यावर, सर. म्हणून तर आज रात्रीची परवानगी मागतेय."

मग लायनींचा विषय. वाटणी नीट झाली की रेडिओलॉजीच्या दोन्ही लायनी निम्म्या-निम्म्या भरतील, हे ऐकून प्रशासनाकडून लगेच सूचना आली: म्हणजे निम्मी क्षमता मोकळीच आहे, नव्या सोनोग्राफी विभागाचे संगणकही त्याच स्विचवर घ्या, खर्च वाचेल.

इथे मी फळ्यावर गेले. एका लाइनला ५०० मेगाबिट, दुसरीला ५००. बेरीज १०००. उद्या एक लाइन तुटली तर उरलेलीवर किती येणार? हजार. तिची क्षमता किती? हजार. मग मोकळं काय राहिलं? जे मोकळं दिसतंय ती तुटलेल्या लाइनची जागा आहे. त्यात आज सोनोग्राफी बसवली, तर रोज छान चालेल आणि ज्या दिवशी लाइन तुटेल त्या दिवशी दोन्ही विभाग रडतील. सुपरवायझरच्या बाबतीत हा मोह होत नाही, कारण रिकामा बसलेला रिकामा दिसतो. भार वाटून घेणाऱ्या जोडीत राखीव जागा दोघांतही थोडी-थोडी विखुरलेली असते, आणि तिला शिल्लक समजून खर्च करणं फार सोपं असतं.

हिशेबाच्या गृहस्थांना हे सगळ्यांत आधी पटलं. "मुदत ठेव आहे ती," ते म्हणाले, "चालू खात्यात दिसतेय एवढंच."

"मग १० गिगाबिटची लाइन का नाही घालत?" प्रशासनाचा प्रश्न. कारण जुन्या इमारतीकडे जाणारं फायबर जुन्या ओएम-१ जातीचं आहे. त्यावर १ गिगाबिटचं एसएक्स मॉड्यूल २७५ मीटरपर्यंत चालतं, १० गिगाबिटचं एसआर जेमतेम ३३ मीटर. इमारत त्याहून बरीच लांब. नवी केबल टाकायची तर चर खणणं आलं, ते पुढच्या अंदाजपत्रकात. तोवर बारा-कोअरमध्ये रिकाम्या असलेल्या जोड्या वापरून दोनाच्या चार लायनी करता येतील. दोन लायनी असल्या तर प्रत्येकीला ५० टक्क्यांपर्यंतच भरता येतं, तीन असल्या तर ६६ आणि चार असल्या तर ७५ टक्क्यांपर्यंत, आणि तरीही एक लाइन गेली तर बाकीच्या निभावून नेतात. चार लायनी मंजूर झाल्या. सोनोग्राफी त्यानंतर.

"तीन का नको?" बाहेर पडताना ज्युनिअरनं विचारलं. तीनही चालतात. पण जुन्या ६५००वर हॅशची उत्तरं आठ कप्प्यांत पडायची. तीन लायनींना ते ३, ३, २ असे वाटले जायचे, चारांना नेमके दोन-दोन. नव्या स्विचवर हा फरक कमी आहे, पण तेव्हापासून पडलेली दोन, चार, आठची सवय काही सुटत नाही.

दुपारी ४:००

चहा घेत रात्रीचा आराखडा लिहिला. प्रत्येक पायरीसमोर चार रकाने: काय करायचं, काय दिसायला हवं, दिसलं नाही तर काय, कुणाला फोन. तिसरा रकाना लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

एक मुद्दा एलएसीपीच्या वेळेचा. पोर्ट-चॅनलची दोन्ही टोकं एकमेकांना 'मी आहे' असं कळवत राहतात. संथ पद्धतीत दर तीस सेकंदांनी, आणि सलग तीन निरोप चुकले, म्हणजे नव्वद सेकंद झाली, की समोरचा गेला असं धरतात. जलद पद्धतीत दर सेकंदाला, आणि तीन सेकंदांत निकाल. जलद ऐकायला बरं वाटतं. पण सुपरवायझर बदलायलाच दोन-तीन सेकंद लागले तर पलीकडचा स्विच घाईघाईत लाइन सोडून देईल, आणि वाचवणारी यंत्रणाच अपघात घडवेल. आमच्याकडे संथ आहे, ती तशीच ठेवायची. केबल तुटली, प्रकाश गेला, तर ते लगेचच कळतं, त्यासाठी निरोपांची वाट बघावी लागत नाही. निरोप लागतात ते प्रकाश येतोय पण पलीकडे कुणी ऐकत नाही, अशा वेळी.

ज्युनिअरनं विचारलं, लायनी अशा बांधायचं सुचलं कुणाला. सांगितलं, सिलिकॉन व्हॅलीतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीला. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी ती काढली आणि भारद्वाजांच्या पत्नीचं नाव तिला दिलं. इथरनेटचा पहिला अनेक पोर्टांचा स्विच त्यांचाच, १९९०च्या सुमाराचा, सात पोर्टांचा. इथरचॅनल, म्हणजे लायनी बांधायची ही युक्तीही त्यांचीच. १९९४ साली सिस्कोनं ती कंपनी घेतली. पुढे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी बांधता यावेत म्हणून आयईईईनं २००० साली ८०२.३एडी हे मानक आणलं आणि एलएसीपी त्यातून आलं. २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे.

साडेपाचला घरी. जेवून दोन तास झोप.

रात्री ११:१५

परत तळघरात. दोन्ही सुपरवायझरना कन्सोल केबल लावल्या. नेटवर्कवरूनच काम करणाऱ्यानं नेटवर्क पाडायचं असेल तर बाजूचं दार आधी उघडून ठेवायला हवं. स्टँडबायच्या कन्सोलवर काही टाइप केलं तर तो 'स्टँडबाय कन्सोल डिसेबल्ड' एवढंच बोलतो. तेवढं बोलला तरी आत्ता पुरे.

'शो रिडन्डन्सी स्टेट्स'. स्वतःची स्थिती १३, ॲक्टिव्ह. जोडीदाराची स्थिती ८, स्टँडबाय हॉट. हा आठचा आकडा नसेल तर पुढे जायचं नाही. चार म्हणजे स्टँडबाय कोल्ड. पाच, सहा, सात या मधल्या पायऱ्या, त्यांत कॉन्फिगरेशन, फायली आणि मोठ्या याद्या एकेक करून त्याच्याकडे पोचत असतात. 'शो मॉड्यूल'मध्ये दोन्ही सुपरवायझर स्लॉटमध्ये हजर दिसले म्हणजे झालं असं समजणारे बरेच असतात. स्लॉटमध्ये असणं आणि तयार असणं यांत हाच आठाचा फरक असतो.

दोघांवर सॉफ्टवेअरची आवृत्ती एकच, कॉन्फिगरेशन जुळण्यात चूक नाही. रनिंग कॉन्फिगरेशन जतन केलं आणि एक प्रत बाहेरच्या सर्व्हरवर ठेवली. ती बाहेरची प्रत महत्त्वाची, कारण सुपरवायझरची जोडी यंत्राच्या बिघाडापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. मी एखादी चुकीची ओळ टाकली, तर ती दोघांनाही त्याच क्षणी कळते.

रात्री १२:४०

कॅज्युअल्टीला फोन. ठरल्याप्रमाणे एक वाजता सुरुवात करायची होती. तिथले डॉक्टर म्हणाले, "अपघाताचा पेशंट आत्ताच सीटीवर घेतलाय. रिपोर्ट होईपर्यंत थांबा." थांबलो. आराखड्यात वेळ लिहिलेली असते, पण रुग्णालयात ती खरी ठरवतो तो टेबलावरचा माणूस.

तेवढ्या वेळात ज्युनिअरनं पिंगच्या खिडक्या लावल्या: कॅज्युअल्टी, आयसीयू, लॅब, रेडिओलॉजी, फायरवॉल. सिस्टरांना पुन्हा एकदा सांगून आलो की स्क्रीन थबकली तर कागदी फॉर्म टेबलावर ठेवलेत.

रात्री १:२०

फोन आला, "करा." पहिलं काम लोड-बॅलन्सचं, कारण ते एका ओळीत होतं आणि एका ओळीतच परत फिरवता येतं. ओळ टाकली. पिंग चुकला नाही. रेडिओलॉजीतल्या रात्रपाळीच्या टेक्निशियन दादांना चार संगणकांवर जुने मोठे स्टडी उघडायला सांगितले. तीन संगणकांची रहदारी पहिल्या लाइनवर गेली, एकाची दुसऱ्या.

ज्युनिअरचा चेहरा पडला. "मॅडम, हे कुठे समान आहे?" नाहीच. हॅश समानतेचं वचन देत नाही. चार जणांत तीन-एक पडू शकतात, कधी चारही एकीकडे. सकाळी चाळीस संगणक उघडले की आपोआप समतोल येईल. आत्ता आपल्याला एवढंच बघायचं होतं की दुसऱ्या लाइनवरही माणसं चढू शकतात.

मग पहिली लाइन हातानं काढली. 'शो इथरचॅनल समरी'मध्ये एका पोर्टापुढचा 'पी' गेला, चॅनल मात्र 'एसयू'च, म्हणजे चालू. टेक्निशियन दादा म्हणाले, "काही कळलं नाही इकडे." लाइन परत लावली, 'पी' आला. मग दुसरी काढून बघितली. एकच काढून थांबलं तर अर्धीच खात्री होते.

रात्री १:५०

आता सुपरवायझर. 'रिडन्डन्सी फोर्स-स्विचओव्हर'. स्विच एकदा विचारतो, करू का? एंटर.

माझं लॉग-इन तुटलं, ते तुटणारच होतं. तिसऱ्या स्लॉटच्या कन्सोलवर बूटच्या ओळी धावायला लागल्या. चौथ्या स्लॉटचा कन्सोल, जो अडीच तासांपूर्वी बोलायला तयार नव्हता, त्यावर प्रॉम्प्ट आला. पिंगच्या खिडक्यांत फायरवॉलच्या ओळीत एक चुकलेला, बाकी सगळ्या अखंड. फायरवॉलशी रस्त्यांची माहिती देणारी-घेणारी ओएसपीएफची ओळखही टिकली. तिथे आधीपासून एनएसएफ लावलेलं आहे. नवा सुपरवायझर रस्त्यांची यादी पुन्हा गोळा करत असताना आधीच मिळालेल्या जुन्या यादीवर पॅकेटं पाठवत राहतो आणि शेजारी तेवढा वेळ धीर धरतो.

सगळे हसले, पण खरा धोक्याचा वेळ आत्ता सुरू होतो. तिसऱ्या स्लॉटचा सुपरवायझर बूट होऊन, सगळं शिकून पुन्हा आठवर येईपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तेवढी मिनिटं आमच्याकडे जोडी नसते. या वेळात कुणी वायर हलवायची नाही, कुणी नवी आज्ञा टाकायची नाही. मी खुर्ची मागे सरकवून हातांची घडी घातली, ज्युनिअरलाही घालायला लावली. चार. पाच. सात बराच वेळ. मग आठ.

रात्री २:३०

उलटतपासणी. 'शो रिडन्डन्सी'मध्ये शेवटच्या बदलाचं कारण 'यूझर फोर्स्ड', म्हणजे आपण पाडला, आपोआप पडला नाही. सगळे पोर्ट-चॅनल चालू, सगळे शेजारी जागेवर, लॉगमध्ये अनपेक्षित काही नाही. कॅज्युअल्टी, लॅब, आयसीयू, प्रत्येक ठिकाणी माणसाला विचारून खात्री केली. पिंग चालतो म्हणून केस पेपर उघडतोच असं नाही.

"आता परत तिसऱ्यावर न्यायचं?" ज्युनिअर म्हणाला. नाही. स्विच स्वतःहून परत जात नाही आणि आपणही नेणार नाही. चौथ्यानं पुढच्या तिमाही चाचणीपर्यंत भार वाहावा, तिसऱ्यानं ऐकत बसावं. ज्याला कधीच राबवलं नाही, तो राबू शकतो हे केवळ अनुमान असतं.

पहाटे ३:१०

मेल लिहिली, कारण सकाळच्या पाळीला हे सगळं वाचूनच कळणार आहे. झालेली कामं: लोड-बॅलन्सची पद्धत बदलली, दोन्ही लायनी एकेक काढून तपासल्या, सुपरवायझर चौथ्या स्लॉटवर, जोडीदार हॉट, वीज दोन यूपीएसवर विभागली. राहिलेली कामं: चार लायनींची जोडणी, एकाच केबलमधले सगळे फायबर, याला पर्याय नवा चर. सकाळी साडेनऊला रेडिओलॉजीचा ग्राफ बघून मला कळवायचं.

शेवटी एक बदल देखरेखीच्या प्रणालीत केला. लाइन ८० टक्के भरली की इशारा द्यायचा, असा तिथला आकडा होता. एकट्या लाइनला तो ठीक आहे, जोडीला नाही. दोन लायनींच्या प्रत्येक चॅनलसाठी तो ४५ टक्क्यांवर आणला आणि कारण मेलमध्येच लिहिलं: हा इशारा आला म्हणजे काही बिघडलं आहे असं नाही, सगळं नीट चाललेलंच असेल. पण त्या दिवसापासून एक लाइन गेली तर दुसरीत फारशी जागा उरणार नाही, तेव्हा रुग्णालयातून तक्रार यायची वाट न बघता नवी लाइन मागायची.